पूर्ण कवच

ट्रकने पार्थला सोडलं आणि सोहमला घेतलं.

पार्थ गुरव पोलिसांना, फाउंड्रीतल्या सुपरवायझरला, आईला आणि बायकोला हे एकच वाक्य सांगत राहिला. अपघात झाला असं तो कधीच म्हणाला नाही. दोघे भाऊ नेहमीप्रमाणे पेठ वडगावहून शिरोलीच्या फाउंड्रीत सकाळच्या पाळीला निघाले होते. दोघांच्या दोन मोटारसायकली, शेजारी शेजारी. पार्थ रस्त्याच्या कडेला, धाकटा सोहम त्याच्या उजव्या अंगाला, जरासा पुढे. मागून एक विनाचालक ट्रक नवे कोरे यंत्रमाग घेऊन येत होता. त्याचं पुढचं टायर फुटलं.

आवाज ऐकून पार्थने आरशात पाहिलं, तेव्हा ट्रकचं तोंड सरळ त्याच्यावर येत होतं. इतकं जवळ, की आरशात ट्रक मावत नव्हता. संपलं, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि मग त्या तोंडाने दिशा बदलली. टायर फुटलेली गाडी भरकटते तसं नाही. कुणीतरी स्टिअरिंग धरून बेताने वळवावं तशी चाकं उजवीकडे वळली, आणि सोहमला गाठण्यापुरतीच वळली.

सोहमची मोटारसायकल बंपरखाली गेली आणि तिच्याबरोबर सोहम. ट्रक थांबेपर्यंत त्याने त्याला बरंच अंतर फरफटत नेलं. हेल्मेट शाबूत राहिलं. हेल्मेटच्या खालचं काही शाबूत राहिलं नाही.

पाळीला निघालेले कामगार थांबत गेले. गर्दी झाली, तशी ती चवताळली. पण मारायला ड्रायव्हरच नव्हता. रिकाम्या केबिनच्या काचा फोडल्या, दिव्यांवर दगड घातले, कुणीतरी ताडपत्रीला काडी लावली. ट्रक शांतपणे धोक्याचे दिवे लुकलुकवत उभा होता. तेवढ्यात ट्रक कंपनीची व्हॅन आली आणि तिच्यातून गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तंत्रज्ञ उतरला. लोकांना अखेर एक माणूस मिळाला.

पार्थने कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. स्वतःच्या हातातलं हेल्मेट त्याने त्या माणसाच्या तोंडावर घातलं. पहिल्या घावात जबडा गेला. दुसऱ्यात तो गुडघ्यावर आला. तिसरा घाव घालताना पार्थ ओरडत होता, "वळवला का? माझ्यावर येत होता, त्याच्याकडे का वळवला?"

तो माणूस रक्त थुंकत म्हणाला, "मी नाही वळवला, दादा. त्याला शिकवलंय तसं. तक्ता विमावाल्यांचा आहे."

मग पोलिसांनी पार्थला मागून धरलं.

*

पार्थची बायको ऋतुजा कोल्हापुरात अभेद्य विमा कंपनीच्या शाखेत खिडकीवर बसायची. मोटारसायकलचा विमा घ्यायला आलेल्या माणसाला ती एकच गोष्ट रोज समजावून सांगे, कारण ती कुणालाच धड माहीत नसे.

"कायद्याने लागतो तो थर्ड पार्टी. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पण तो तुमच्यासाठी नसतो हं. तुमच्यामुळे दुसऱ्याचं काही झालं, तर त्याच्यासाठी. तुमची गाडी मोडली किंवा तुम्हाला लागलं, तर त्यात जवळजवळ काही मिळत नाही. स्वतःसाठी हवं असेल तर पूर्ण कवच घ्या. त्यात गाडीही येते आणि तुम्हीही येता."

निम्मे लोक ऐकून घेत आणि म्हणत, "कायद्याला लागतो तेवढाच द्या."

शाखेचे व्यवस्थापक निंबाळकर साहेब तसे मोजकं बोलणारे गृहस्थ. पावसाळ्याआधी एकदा ते तिच्या खिडकीमागे येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरव, तुमचे मिस्टर हायवेने जातात ना? त्यांना पूर्ण कवच घ्या. या आठवड्यातच घ्या."

"का हो साहेब?"

"घ्या. स्टाफला सवलत आहे."

सवलत फक्त नवऱ्याला किंवा बायकोला होती. ऋतुजाने पार्थचं आणि स्वतःचं पूर्ण कवच घेतलं. सोहमचा विमाही त्याच महिन्यात संपत होता. तिने त्याला विचारलं होतं. तो गाडी पुसता पुसता हसला. "वहिनी, तुम्ही रोज जगाला घाबरवता, आता घरातही सुरू केलं काय? थर्ड पार्टीच काढा. मोठा पुढच्या वर्षी बघू."

तिने काढला. सोहम तिच्या लग्नात कॉलेजात होता. तिला मोटारसायकल चालवायला त्यानेच शिकवलं होतं, मागे बसून, "क्लच सोडा, वहिनी, सोडा" असं ओरडत.

*

पार्थ जामिनावर सुटून आला, तो उंबऱ्यातच थांबला. आत सोहमच्या फोटोपुढे आई बसली होती. त्याने ऋतुजाला अंगणात बोलावलं.

"तुमचा तक्ता म्हणजे काय?"

"कसला तक्ता?"

"त्या माणसाने सांगितलं. ट्रकला कुणाकडे वळायचं ते तक्ता सांगतो. विमावाल्यांचा."

"मला नाही माहीत, पार्थ."

तिला खरंच माहीत नव्हतं. पण निंबाळकर साहेबांचा तो हळू आवाज तिला आठवला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून उभी राहिली. "साहेब, तुम्ही मला पार्थचं कवच घ्यायला का सांगितलंत?"

निंबाळकरांनी चष्मा काढला. काचेचा पेपरवेट बाजूला सारला. मग बोलायला लागले, तेव्हा मध्ये थांबले नाहीत.

ही यंत्रणा सगळ्यांना 'समझोता' या नावाने माहीत होती. रस्त्यावरची प्रत्येक गाडी जवळच्या गाड्यांशी बोलते. एका सेकंदात शेकडो वेळा आपली जागा, वेग, वजन कळवते. अगदी साध्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटमध्येही त्यासाठी चिप बसवलेली असते. धडक टळण्यासारखी असेल तर गाड्या ती टाळतात, आणि समझोता आल्यापासून हजारो धडका खरोखरच टळल्या होत्या. प्रश्न उरला होता न टळणाऱ्या धडकेचा. टायर फुटलं, ब्रेक लागायला अंतर नाही, कुणाला तरी लागणारच आहे. अशा वेळी माणूस निवड करत नाही, त्याला तेवढा वेळच नसतो. यंत्राला असतो. पापणी लवायच्या आत ते डावीकडे वळलं तर काय, उजवीकडे वळलं तर काय, सरळ गेलं तर काय, हे सगळं मांडून बघतं आणि त्यातलं कमी नुकसानीचं उचलतं.

पण नुकसान मोजायचं कशात? एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला यंत्रांनी भरलेला ट्रक असेल, तर दोघांना एकच माप लागतं. कायदा करणाऱ्यांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली आणि तेवढी जागा मोकळी सोडली. त्याच कायद्याने अपघाताचे कोर्टातले दावे बंद केले होते. चूक कुणाचीही असो, भरपाई आता सगळ्या विमा कंपन्यांच्या सामाईक निधीतून जाई: मेलेल्याच्या घरच्यांना ठरलेली किमान रक्कम, आणि त्याने स्वतः कवच घेतलेलं असेल तर त्याचे पैसे वेगळे. मोकळ्या जागेत निधीने आपलं माप भरलं. ज्या धडकेत निधीचा खर्च कमी, ती धडक बरी.

"म्हणजे ज्याला कवच नाही..." ऋतुजा म्हणाली.

"तो स्वस्त पडतो."

"तुम्हाला माहीत होतं."

"व्यवस्थापकांच्या बैठकीत सांगितलं होतं. बाहेर बोलायचं नाही असंही सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं. जेवढं सांगता येत होतं तेवढं."

"म्हणजे मी पार्थचं कवच घेतलं नसतं, तर ट्रक त्याच्यावरच गेला असता."

"दोघे सारखेच असते, तर आधी ज्याच्यावर येत होता त्याच्यावर गेला असता. हो."

तिला पुढचं विचारायचं नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं. ती केबिनमधून बाहेर आली. खिडकीपुढे रांग होती. रांगेतल्या पहिल्या माणसाने विचारलं, "मॅडम, कायद्याला लागतो तेवढा कितीला पडतो?"

*

मार खाल्लेल्या तंत्रज्ञाचं नाव झाकीर नदाफ. तो सरकारी दवाखान्यात होता, जबडा तारांनी बांधलेला. पार्थच्या वतीने माफी मागावी आणि तक्रार मागे घेण्याची विनंती करावी म्हणून ऋतुजा तिथे गेली. झाकीरची बायको तिला बघून उठून बाहेर निघून गेली.

"मागे घेतो," झाकीर दातांच्या फटीतून म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याचे डोळे आवळले जात होते. "माझा भाऊ असता तर मीही मारलं असतं. तुम्ही बसा."

ती बसली नाही. तिने विचारलं, "दोघांपैकी एक जाणारच होता का?"

झाकीरने तिच्या गळ्यातल्या अभेद्यच्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"तुम्ही विम्यातल्या ना? मग तुम्हाला सांगायला हवं. ट्रकची नोंद मीच काढली. दोन नव्हे, तीन वाटा होत्या. तिसरी डिव्हायडर. उजवीकडे मोकळा होता. ट्रक त्याच्यावर चढवता आला असता. पण आत यंत्रमाग होते."

"यंत्रमाग पार्थपेक्षा महाग?"

"नाही. कवचवाला माणूस यंत्रमागापेक्षा महाग. थर्ड पार्टीवाला स्वस्त." तो थांबला, लाळ पुसली. "दोघांनाही कवच असतं तर ट्रक डिव्हायडरवर गेला असता, ताई. कुणालाच काही झालं नसतं. ती वाट ट्रकला कायमच असते."

*

ऋतुजाने घरी जाऊन सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. वाटेत बसमध्ये तिने तसा विचार केलाही होता. पण पार्थ रोज रात्री झोपेत हेल्मेट मारल्यासारखे हात झाडत होता, आणि ज्याचं उत्तर तिला माहीत आहे तो प्रश्न तो दुसऱ्यांना विचारत हिंडावा हे तिला सहन होईना.

आईच बोलली.

"दोघांचं का नाही घेतलंस गं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पार्थ उठला. अंगणात जाऊन त्याने पहार उचलली आणि स्वतःच्या मोटारसायकलच्या टाकीवर घातली. मग दिव्यावर, मग आरशांवर. पेट्रोल अंगणभर वाहिलं. शेजारचे धावत आले आणि कुंपणाशीच थांबले. ऋतुजा मध्ये गेली तेव्हा पहार तिच्या डोक्यावर आलेली होती. पार्थने ती तशीच हवेत धरून ठेवली.

"मला का वाचवलंस?" तो म्हणाला. "मी तुला सांगितलं होतं?"

त्या दिवसापासून तो फाउंड्रीत झोपायला लागला.

*

त्याने सेकंडहँड मोटारसायकल घेतली हे ऋतुजाला ऑफिसात कळलं. निधीच्या यंत्रणेत कुणाचंही नाव घातलं की त्याची सगळी कवचं दिसत, मग ती कोणत्याही कंपनीची असोत. पार्थच्या नावावर एक होतं. मग दोन झाली. मग आणखी. प्रत्येक कंपनीकडून तो नवीन कवच घेत होता, पगार सगळा त्यात घालत होता. आपल्या जिवाचा एवढा विमा कुणी का उतरवतं, याची खिडकीवर बसणाऱ्यांना एकच शंका येते, आणि ऋतुजाला तीच आली. आत्महत्या.

ती शंका चुकीची निघाली. खरं काय ते तिला शेजारच्या टेबलावरच्या मुलीने फोनवर दाखवलं. महामार्गावर कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. काळ्या हेल्मेटचा एक मोटारसायकलवाला भरधाव ट्रकच्या अगदी नाकासमोर घुसतो आणि ब्रेक दाबतो. ट्रक जिवाच्या आकांताने वळतो, डिव्हायडरला घासतो, ठिणग्या उडतात, पिंप घरंगळतात. मोटारसायकलवाला निघून जातो. खाली लोकांनी टाळ्यांची चिन्हं टाकली होती.

"ट्रक त्याला हातच लावत नाहीत म्हणे," ती मुलगी म्हणाली.

ऋतुजा फाउंड्रीच्या गेटवर गेली. पार्थ भट्टीवरून आला होता, तोंड तांबडंलाल.

"हे तू करतोयस?"

"एक एक करून सगळे फोडणार आहे."

"शेजारून कुणी जात असलं तर?"

"बघतो मी. कुणी नाही ते बघूनच घुसतो."

"पार्थ, चुकेल कधीतरी."

"त्यांचं चुकलं नाही. बरोबर नेम धरून मारलं त्यांनी. मला सांगू नकोस."

चुकायला फार दिवस लागले नाहीत. घुणकी फाट्याजवळ त्याने एका कंटेनरपुढे ब्रेक दाबला. सर्व्हिस रोडवरून एक स्कूटर वर चढत होती, ती त्याला दिसली नाही. कंटेनरला दिसली. तो डावीकडे वळला.

मनाली सुतार नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. स्कूटर तिच्या मामाची, विमा कायद्याला लागतो तेवढाच. तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वर चिरडला आणि कंटेनरच्या चाकात अडकून राहिला. तो काढायला कटर आणावा लागला. ती सगळा वेळ शुद्धीवर होती. पार्थ रस्त्यापलीकडे उभा राहून तिचं ओरडणं ऐकत होता. त्याला कुणी हटकलं नाही. नोंदीत मोटारसायकलने कुणालाच धडक दिलेली नव्हती.

हे त्याने ऋतुजाला फोनवर सांगितलं. सांगताना तो रडला नाही.

"मग आता थांबशील ना?" तिने विचारलं.

"मी नाही धडकलो तिला."

"मीही सोहमला धडकले नव्हते."

"आता थांबलो तर तिचा पाय फुकट गेला," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

*

त्यानंतरच्या सोमवारी ऋतुजा ऑफिसात आली, खिडकी उघडायच्या आधी यंत्रणेत स्वतःचं नाव घातलं आणि स्वतःचं पूर्ण कवच रद्द केलं. थर्ड पार्टी राहू दिला. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती. मग तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आपली स्कूटर काढली.

पार्थ तिला टोप संभापूरच्या पुढे दिसला. मागून तीन ट्रक एकामागोमाग येत होते आणि तो त्यांच्या वेगाचा अंदाज घेत सावकाश चालला होता. तिने स्कूटर त्याच्या डाव्या अंगाला नेली आणि हेल्मेटमधला फोन लावला.

"घरी जा," तो म्हणाला.

"नाही जात. मी आज माझं कवच काढून टाकलंय. आता सोहमचं होतं तेवढंच आहे माझ्याकडे."

"खोटं बोलतेस."

"तू घुस पुढे. मग कळेल."

"ऋतुजा, बाजूला हो. रस्ता सोड."

"त्या मुलीला सांगितलं होतंस का, रस्ता सोड म्हणून?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हेल्मेटच्या काळ्या काचेतून चेहरा दिसत नव्हता. आपली बायको रोज लोकांना विमा विकते, ती स्वतःचा विमा सोडणार नाही, असं त्याला त्या क्षणी वाटलं. तिला तो ओळखून होता, असंही वाटलं. त्याने गिअर टाकला, उजवीकडे झेप घेतली आणि पहिल्या ट्रकच्या तोंडासमोर जाऊन ब्रेक दाबला.

ट्रकमध्ये लोखंडी पाइप होते. एवढं वजन तेवढ्या अंतरात थांबणं शक्य नव्हतं. पार्थने आरशात चाकांकडे पाहिलं. ती उजवीकडे, डिव्हायडरकडे वळायला हवी होती.

ती डावीकडे वळली. बेताने, नेमकी, ऋतुजापुरती.

पुढचं पार्थने विचार करून केलं नाही. त्याने हँडल डावीकडे आपटलं आणि मोटारसायकल ट्रक आणि स्कूटर यांच्यामध्ये घातली. मडगार्ड मडगार्डला घासलं. त्याच्या खांद्याचा धक्का बसून ऋतुजा स्कूटरसह कडेच्या खडीत फेकली गेली. ट्रकचं तोंड आता त्याच्या पाठीला लागण्याइतकं जवळ होतं. स्वस्त वाट बंद झाली होती. समोर होता तो त्या रस्त्यावरचा सगळ्यात महाग माणूस.

ट्रक उजवीकडे कलला. पुढची चाकं डिव्हायडरवर चढली, काँक्रीट फुटलं, केबिन मागच्या ओझ्याखाली चेपून सपाट झाली. साखळ्या तुटल्या आणि पाइप सुटले. काही दुभाजकातल्या झाडांत घुसले, काही पार्थवर आले. एका पाइपने त्याचा डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत ठेचला आणि त्याला मोटारसायकलवरून उचलून डांबरावर आपटलं. मागचे दोन ट्रक किंचाळत थांबले.

धूळ खाली बसली तेव्हा ऋतुजा खडीतून गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत आली होती. गळ्याजवळचं तिचं हाड मोडून कातडीखाली वर आलं होतं. पार्थ उताणा पडला होता. त्याच्या बाहीतून रक्त रस्त्याच्या उताराने वाहत होतं.

"खरंच काढलं होतंस?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने डोळे मिटले आणि सोहम गेल्यापासून पहिल्यांदा तो रडला. रस्त्यावर पडल्या पडल्या, लहान मुलासारखा, नाकातोंडातून. ऋतुजाने ओढणी त्याच्या दंडाला करकचून बांधली आणि ती रुग्णवाहिकेची वाट बघत बसली.

*

पार्थने पोलिसांना मनालीच्या पायाबद्दल स्वतःहून सांगितलं. त्यांनी जबाब लिहून घेतला, पण त्याला लावायचं कलम त्यांना सापडेना. धडक कंटेनरची, निर्णय समझोत्याचा. बेदरकारपणाचा दंड झाला आणि परवाना काही महिने जप्त झाला.

ऋतुजा कामावर परतली आणि खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला तक्ता काय आहे ते सांगायला लागली. निंबाळकरांनी तिला दोनदा समज दिली आणि तिसऱ्या वेळी कामावरून काढलं. कागद देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बातमी पसरली, वर्तमानपत्रांत आली. लोक दोन दिवस रस्त्यावर उतरले, एका चौकीची काच फुटली. मग ज्यांना शक्य होतं त्यांनी पूर्ण कवच घेतलं. अभेद्य विम्याचा त्या वर्षीचा धंदा आजवरचा सगळ्यात मोठा झाला. ज्यांना शक्य नव्हतं ते पूर्वीसारखेच कामावर जात राहिले, फक्त आता त्यांना माहीत होतं.

परवाना परत मिळाल्यावर पार्थ मनालीकडे गेला. डावा हात आता अर्धाच उघडायचा. ती कृत्रिम पाय लावून भिंतीला धरून चालायचा सराव करत होती. तो जे बोलायचं ठरवून आला होता ते त्याने बोलून टाकलं.

"मी काय करू तुमच्या सॉरीचं?" ती म्हणाली.

तो जायला वळला.

"माझा भाऊ शिरोलीला जातो," ती मागून म्हणाली. "पहिल्या पाळीला. त्याच रस्त्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्थ वडगाव फाट्यावर उभा राहिला. मनालीचा भाऊ आला, तेव्हा त्याने आपली मोटारसायकल त्याच्या उजव्या अंगाला लावली, ट्रक ज्या बाजूने येतात त्या बाजूला, आणि शिरोलीपर्यंत त्याच्याबरोबर गेला. त्याच्या कवचांच्या जोरावर मागचे ट्रक दूरवरूनच अंतर ठेवून जात होते. आठवड्याभरात त्या दोघांमागे आणखी मोटारसायकली लागल्या. पाळीला जाणाऱ्यांची रांगच होऊ लागली, आणि बाहेरच्या बाजूला पार्थ. त्यांच्यातले बरेचजण त्याचं नावही विचारत नसत. त्याच्याबरोबर गेलं की काही होत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

तो घरी परत राहायला आला. आई त्याच्या ताटात वाढायची, ऋतुजाच्याही. बोलणं अजून कमीच होतं.

वर्ष संपत आलं, तशी पार्थची कवचं एकेक करून सरायला लागली. त्याने सगळीकडे अर्ज केले. एकाही कंपनीने नूतनीकरण केलं नाही. वाकड्या हाताच्या, बेदरकारपणाचा दंड झालेल्या माणसाला कायद्याला लागतो तेवढा विमा नाकारता येत नव्हता, म्हणून तेवढा मिळाला. शेवटचं कवच रविवारी संपलं.

सोमवारी सकाळी ऋतुजा उठली तेव्हा तो बूट घालत होता.

"आज कशाला जातोस?" ती म्हणाली.

"ते फाट्यावर येऊन थांबतील."

"त्यांना सांग. आता तू पण त्यांच्यासारखाच आहेस."

"सांगितलं तर ते उद्यापासून एकेकटे जातील." तो उठला. "माझी जागा बाहेरचीच आहे. तिथेच राहतो."

तिने वाद घातला नाही. आत जाऊन तिने हेल्मेट आणलं आणि त्याच्याआधी अंगणात जाऊन उभी राहिली.

"तू कुठे?"

"मागे बसते. मागच्या आठवड्यात मी माझ्या नावावर कवच घेतलं. मिळेल तेवढं मोठं. मला कुणी नाही म्हणालं नाही."

"ऋतुजा, तक्त्यात मागे बसलेलं माणूस धरतात का?"

"धरतात. हेल्मेटमध्येही चिप असते. गाडीवर जेवढी माणसं, तेवढ्यांची बेरीज. मी बघून घेतलंय."

मग त्याने चांगल्या हाताने मोटारसायकल स्टँडवरून उतरवली आणि ती बसेपर्यंत धरून ठेवली. दारात आई उभी होती. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत ती आत गेली नाही.

फाट्यावर रांग थांबलेली होती. पार्थने आपली जागा घेतली आणि सगळे निघाले. टोप संभापूरच्या चढाला मागून एक कंटेनर येताना त्याला आरशात दिसला, मोठा होत जाणारा. त्याचे खांदे ताठरले, ते ऋतुजाला मागून कळलं. तिने त्याच्या कमरेभोवतीचे हात काढून घेतले आणि ती सीटवर सरळ, उंच होऊन बसली. ट्रकला आपण दिसत नसतो, चिप दिसते, हे तिला माहीत होतं. तरीही ती तशीच बसून राहिली, कंटेनरला नीट दिसावी म्हणून.